खोक्यावरचं नाव

फार जुनी, म्हणजे संगणकांच्या आयुष्यात सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. वाचनालयातल्या म्हाताऱ्या संगणकाला आज संध्याकाळपर्यंत वायफाय लागलं नाही, तर तो भंगारात जाणार होता. म्हणून ग्रंथपाल मृणालताईंनी त्याच्या पाठीला वायफाय पकडणारा नवा, छोटा ॲडॅप्टर जोडला.

संगणकाने लगेच ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हर म्हणजे असल्या पाहुण्यांची भाषा जाणणारा दुभाष्या.

"आत चिप कोणती? तिचा नंबर सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

"खोक्यावरचं नाव वाचा की!" ॲडॅप्टर तोऱ्यात म्हणाला. "तुमच्याकडे आधी ज्या नावाचा ॲडॅप्टर होता, तोच मी."

"नाव तेच राहतं, रावसाहेब. चिप मात्र कंपनी गुपचूप बदलते, आणि चिप बदलली की भाषा बदलते. नंबर?"

"आमच्या घराण्यात आतलं विचारत नाहीत!"

संगणक काकुळतीला आला. "अहो, सांगा ना! माझा जीव टांगणीला लागलाय."

"माझा दिवा बघा, किती हिरवागार!"

दिवा खरोखरच देखणा होता. पाच वाजेपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला. मग भंगारवाला दारात आला. "संगणक न्या, आणि त्याचं हे ॲडॅप्टरचं शेपूटही न्या," मृणालताई म्हणाल्या. तेव्हा कुठे ॲडॅप्टरने घाईघाईने नंबर सांगितला.

"अहो, ही भाषा तर मला उत्तम येते!" ड्रायव्हर आनंदाने ओरडला, आणि मृणालताईंनी बटण बंद केलं.