जहागीरदारांचं शिंगरू

रंगराव जहागीरदारांना घोड्यांचा भारी नाद. एकदा ते सगुणाबाईंच्या बालशाळेत डोकावले, तर पोरं उड्या मारत, गाणी म्हणत चिंचोके मोजत होती. जहागीरदार कडाडले, "ही शाळा की बाजार? उद्यापासून हाताची घडी, तोंडावर बोट! नाहीतर शाळेला कुलूप!"

पोरं भेदरली. सगुणाबाईंनी विचारलं, "सरकार, तुमच्या पागेतलं शिंगरू दिवसभर गप्प उभं राहिलं, तर?"

"तर काय? लगेच वैद्य बोलावीन! बागडत नाही ते शिंगरू आजारीच!"

"मग उद्या वैद्यालाच इकडे पाठवा, सरकार. इथली सगळी शिंगरं गप्प बसणार आहेत."

जहागीरदार खो खो हसत सुटले. शाळा वाचली, आणि पोरांनी असा गलका केला की बाहेर जहागीरदारांचा घोडाही खिंकाळला.