दोन कड्यांचा मान

त्या राज्यात सगळी प्रजा सोयाबीनची होती आणि सगळ्यांचे शेंडे सुकलेले होते. सुकलेला शेंडा हे तिथे खानदानी लक्षण मानले जाई.

दर हंगामात चक्रीबाई नावाची भुंगीण पाहुणी म्हणून येई. खोडाभोवती ती दोन कडी कोरी, एक खाली, एक वर. मधल्या जागेत अंडे घाली आणि पुढच्या घरी जाई. मग पाणी वर चढेना आणि शेंडा मान टाकी. प्रजा म्हणे, "काय हा विनय!" ज्याच्या अंगावर कडी नाहीत, त्याला पंगतीत कुणी शेजारी बसवून घेत नसे.

लग्नेही घरातल्या घरातच होत. पाकळ्या उघडण्याआधी कळीच्या आत सगळे उरकलेले असे. त्यामुळे रक्त शुद्ध राही. अकलेत भर पडायची सोय मात्र नव्हती.

द्वारका नावाच्या म्हाताऱ्या मधमाशीला या थोर घराण्यांची शिसारी आली होती. बांधावरच्या, सोयाबीनच्याच गोतातल्या रानवेलीला अंगभर दाट लव होती. चक्रीबाई तिथे टेकली की टोचून माघारी फिरते, हे द्वारकेने पाहून ठेवले होते. एका सकाळी तिने शेतातली एक मिटलेली कळी उकलली, आतला पराग काढून टाकला आणि रानवेलीचा पराग ठेवला. त्या शेंगेतून पुढच्या हंगामात एक रोप उगवले, लवदार आणि ताठ. दरबाराने त्याला नाव ठेवले झिपरी. द्वारकेचा सारा जीव त्या पोरीत अडकला.

चक्रीबाई आली, झिपरीवर टेकली आणि नाक मुरडून उडून गेली. राज्यात हाहाकार उडाला. पाहुणी विन्मुख गेली! महाराजांनी झिपरीची लव खरवडून काढायचा हुकूम सोडला.

"महाराज, पोरीची लव काढू नका," द्वारका काकुळतीला आली. "लवेमुळेच तिची मान ताठ आहे."

"ताठ मान हाच तर दोष आहे," महाराज म्हणाले. त्यांच्या अंगावरची कडी सर्वांत जुनी होती. "आम्ही तिला माणसांत आणतो."

"आजी, मला तर ही लव टोचत नाही," झिपरी म्हणाली. "मग यांना का टोचते?"



गोगलगायीला बोलावून झिपरीला खरवडण्यात आले. खरवडता खरवडता गोगलगायीने दोन पानेही खाल्ली. तो घराण्याचा बहुमान समजला गेला. दुपारी चक्रीबाई परत आली आणि तिने दोन कडी कोरली. दोन-चार दिवसांत झिपरीने मान टाकली. "आता कशी घरंदाज दिसते!" बायका म्हणाल्या. द्वारका एकटीच रडली.

झिपरीच्या कड्यांच्या सोहळ्याला सारा दरबार जमला. पोरीला आशीर्वाद द्यायला महाराज किंचित वाकले, तोच खालच्या कड्यापाशी त्यांचे खोड कटकन मोडले आणि मुकुटासकट शेंडा धुळीत पडला.

प्रधान उद्गारला, "केवढा हा विनय!" आणि महाराजांपेक्षा आपण कमी पडू नये म्हणून तो आणखी खाली वाकू लागला.