पल्ला आणि थरथर

"मग हा गोंगाट येतो तरी कुठून, बाई?"

मालशेबाईंनी वर पाहिलं नाही. त्या तारांचं जुडगं मेणदोऱ्याने बांधत होत्या. टाका, गाठ. टाका, गाठ. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कॉलेजच्या बिनतारी संशोधनातली पोरं अडली की त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीचा जिना चढायची. त्या खोलीला सगळे मठ म्हणायचे, अर्थात बाईंच्या माघारी.

सुश्रुत दातार आज पहिल्यांदाच चढला होता. अडायची त्याला सवय नव्हती.

सोमवारी समिती बसणार होती. त्याचं सर्किट पसंत पडलं, तर मच्छीमारांच्या बोटींवर वादळाचे इशारे ऐकवणाऱ्या संचात ते जाणार. नाहीतर तीन वर्षांचं काम कपाटात, आणि बोटींवर आयात केलेला तयार माल. आज शनिवार होता.

सर्किट होतं फेज-लॉक्ड लूपचं. दोलक आपला सूर, म्हणजे ठरावीक वारंवारता, काढतो; स्फटिकाच्या अचूक ठोक्याशी तो ताडून पाहिला जातो, आणि जरा ढळला की विद्युतदाबाची एक तार त्याला ओढून जागेवर आणते. असं सगळेच करतात. सुश्रुतला अभिमान होता तो पल्ल्याचा. त्या एकाच तारेवर दाब वाढवत नेला की त्याचा दोलक खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एका दमात धावायचा. मध्ये एकही स्विच नाही. कॉलेजात असं कुणी केलं नव्हतं, आणि हे तो पाहुण्यांनाही सांगायचा.

पण त्याने आणलेला बोर्ड बाईंच्या मोजणीयंत्राला जोडला होता, आणि पडद्यावर जिथे शुद्ध सुराची सडसडीत उभी रेघ हवी, तिथे पायथ्याशी फुगलेला झाडू दिसत होता; तोच हा गोंगाट.

"त्या तारेवरची गाळणी घट्ट करून पाहिलीस?" बाईंनी विचारलं.

"केली. गोंगाट थोडा उतरला, पण सूर पकडायलाच इतका वेळ लागतो, की तोवर इशारा संपलेला असतो."

"हं... केसभर दाब वाढला तर तुझा दोलक किती धावतो?"

"मैलभर!" सुश्रुतची मान ताठ झाली.

"आणि तार केसभर थरथरली तर?"

सुश्रुतची नजर पडद्यावरच्या झाडूकडे गेली.

"तारेची थरथर मीच बंद करीन, बाई. आणखी चांगले भाग घालीन."

"घाल. पण जराशीही ऊब असली की तार थरथरतेच; गप्प बसणारी मिळाली तर मलाही कळव."

मग बाईंनी मेणदोऱ्याची सुई त्याच्या हातात दिली. दुसऱ्या हातात दोऱ्याचं टोक दिलं.

"ओव. पण दोन्ही हात समोर लांब करून. कोपर वाकवायचं नाही."

सुश्रुतला हसू आलं. मग सुई हलू लागली, दोरा हलू लागला, आणि हसू गेलं. पाच-सहा वेळा चुकल्यावर वैतागून त्याने कोपरं अंगाला टेकवली. दोरा एका झटक्यात आत गेला.

"हात आखडलेस का?"

"लांब हात थरथरतो ना, बाई."

"पण मग पल्ला गेला. सुई त्या पलीकडच्या टेबलावर असती तर?"

"तर उठून तिकडे गेलो असतो आणि..."

त्याने टेबलाकडे पाहिलं. बोर्डाकडे पाहिलं.

बाईंनी सुई परत घेतली आणि पुढचा टाका घातला.

तो वाकून नमस्कार करायचंही विसरला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

रविवारी दुपारी आला तो जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन. दोलकाला त्याने आठ पावलं दिली होती. स्विचने कपॅसिटर जोडत-काढत दोलक आधी हव्या त्या सुराच्या जवळ जाऊन उभा राहायचा. मग तीच तार त्याला फक्त उरलेलं थोडंसं ओढायची. पडद्यावरची रेघ सडसडीत उभी होती. पल्ला तसूभरही कमी झाला नव्हता. पोरगं हुशारच, त्यात वाद नाही. ते बाईंनाही दिसलं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पावलं अगदी एकाला एक जुळवून बसवलीस?"

"काटेकोर. कुठे फुकट गेलेली जागा नाही."

बाईंनी बोर्ड उचलून गच्चीच्या कठड्यावर भर उन्हात ठेवला. तिसरं पाऊल संपून चौथं सुरू होतं, तिथला सूर लावायला सांगितला. सूर पकडल्याचा हिरवा दिवा थोडा वेळ जळला... आणि विझला. दोलक तापला होता, त्याची पावलं कमीजास्त सरकली होती, आणि हवा असलेला सूर दोन पावलांच्या मधल्या फटीत पडला होता.

सुश्रुतचा चेहरा उतरला.

"एकमेकांवर पडू देत," बाई म्हणाल्या. "उन्हात कुणीच जागेवर राहत नाही."

त्याने तिथेच, कठड्याच्या सावलीत बसून आठाची अकरा पावलं केली. प्रत्येक पाऊल आधीच्यावर थोडं चढलेलं. मग बोर्ड पुन्हा उन्हात. दिवा जळला आणि जळतच राहिला. तळापासून टोकापर्यंत, जिथे लावावा तिथे. सुश्रुतला या बाईंचं इतकं नवल वाटलं, की त्याला आपण तीन वर्षं यांच्याकडे का आलो नाही, याची लाजच वाटली. ती त्याने बोलूनही दाखवली.

बाई आपल्या तारांच्या जुडग्याकडे वळल्या.

बोर्ड पेटीत ठेवताना मात्र त्याचा हात रेंगाळला.

"एक विचारू, बाई? आता समितीपुढे दाखवायला काय उरलं? एका दमातली ती धाव गेली. ही तार तर जेमतेम हलते. ते विचारतील, यात तुझं काय दिसतंय?"

मालशेबाईंनी शेवटची गाठ मारली. दोरा दाताने तोडला.

"वादळाची खबर ऐकणाऱ्याला तू ऐकू येता कामा नयेस."