खेकड्याची बेगमी

एका घराच्या ओसरीवर समुद्राच्या पाण्याने भरलेली काचेची नवी पेटी होती. तीत एक खेकडा, एक मासळी आणि एक म्हातारी गोगलगाय राहत असत. खेकडा मोठा कष्टाळू, पण जिवाचा धास्तावलेला. बाळांनो, त्याचे सारे आयुष्य किनाऱ्यावरच्या खडकांत गेले होते. भरतीला पोटभर खायचे आणि ओहोटीला उपाशी बसायचे, हे त्याने लहानपणापासून भोगले होते. पेटीत रोज सकाळी वरून खाणे पडे, तरी ओहोटीच्या भीतीने तो अर्धे खाई आणि अर्धे आपल्या दगडाखाली सारून ठेवी. आता पेटीला कुठली आलीय ओहोटी! पण एकदा पोटात बसलेली भीती कुणाचे ऐकते?

थोड्याच दिवसांत काचेवर तपकिरी साय धरली आणि मग दगडांवर हिरवे शेवाळ चढू लागले. त्याच सुमारास मासळीने शेजारच्या सपाट दगडावर अंडी घातली. पंखांनी पाणी हलवत ती त्यांच्यापाशी सतत राखण करी. शेवाळ वाढत वाढत अंड्यांच्या कडेला आले, तेव्हा तिचा धीर सुटला. ती खेकड्याकडे गेली.

"दादा, शेवाळाने अंडी झाकली, तर माझी पिल्ले आतल्या आत गुदमरतील," ती म्हणाली. "तुमच्या नांग्यांत बळ आहे. एवढी वाचवा."

खेकड्याने तिला शब्द दिला आणि तो शब्दाला जागलाही. दिवसभर तो दगड खरवडी, पण दुसऱ्या दिवशी शेवाळ पुन्हा हजर. गोगलगायीने त्याला सांगून पाहिले, की शेवाळ मी हळूहळू चरते, तुम्ही आधी त्याला खायला कुठून मिळते ते शोधा. तुमच्या दगडाखालून कुजका वास येतो, असेही ती म्हणाली. हे ऐकून खेकडा उखडला. तुझ्या चालीने काम करायचे म्हणजे झालेच, असे सुनावून त्याने तिला सपाट दगडाजवळ फिरकायलाही बंदी केली.

अखेर शेवाळ अंड्यांवर चढले. खेकड्याने सारा जोर लावून नांगी ओढली. शेवाळ निघाले, आणि त्याच्याबरोबर निम्मी अंडीही निघाली. उरलेल्या अंड्यांवर पंख पसरून मासळी तशीच राहिली.

खेकड्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तो आपल्या दगडाखाली शिरला. तिथे त्याची सारी बेगमी सडून काळी पडली होती, आणि तिच्या कडेनेच शेवाळ सर्वांत दाट माजले होते. गोगलगाय त्याच्या मागोमाग आली होती.

"दिवसभर तुम्ही शेवाळ खरवडत होता," ती म्हणाली, "आणि रोज सकाळी त्यालाच जेवू घालत होता."

"पण ओहोटी आली असती तर?" खेकडा पुटपुटला.

"आली ना," गोगलगाय म्हणाली. "त्या निम्म्या अंड्यांवर आली."

खेकड्याने ते सडके खाणे तुकड्यातुकड्याने ओढत नेले आणि पेटीतले घाण पाणी शोषून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी टाकले. मग त्याने स्वतःच गोगलगायीला सपाट दगडावर येण्याची विनंती केली. ती अंड्यांना धक्का न लावता भोवतालचे शेवाळ चरत राहिली. शेवाळ पुरते गेले नाही, पण नवे वाढणे थांबले. काही दिवसांनी उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली आणि आईच्या भोवती पोहू लागली. खेकडा लांबूनच पाहत होता. जवळ जायचा त्याला धीर झाला नाही.

सपाट दगडावर त्याच्या नांगीचे ओरखडे मात्र कायम राहिले. रोज खाणे पडले, की तो आधी त्या ओरखड्यांकडे पाही आणि लागेल तेवढेच उचली.

तात्पर्य : घाण खरवडायला धावण्याआधी तिला पोसतो कोण ते पाहावे, पुष्कळदा पोसणारा हात आपलाच असतो.