तिसरं कोणी नव्हतं

खाडीवरच्या शेवटच्या नावाड्याचा माहितीपट काढून राजाध्यक्षांनी बक्षीस मिळवलं, आणि तेव्हापासून सत्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असं त्यांना वाटू लागलं. शालन मयेकरने त्यांच्याच परवानगीने त्या माहितीपटाचं संगीत नाटक बसवलं. रंगीत तालमीला राजाध्यक्ष आले. पूल झाल्यावर भिवा नावाडी होडी कायमची बांधतो, त्या प्रवेशात भिवा झालेल्या नटाने पद सुरू केलं मात्र, ते ताडकन उठले.

"थांबवा हे. तेव्हा भिवा गप्प होता. होडीत तो होता आणि कॅमेरा धरून मी. तिसरं कोणी नव्हतं. खरी माणसं अशी गात नाहीत, मयेकरबाई. पदं काढा, नाहीतर परवानगी विसरा."

पहिला प्रयोग दुसऱ्याच दिवशी होता. तरी शालनने आवाज मऊच ठेवला.

"सर, भिवा दोर बांधतो तेव्हा तुमच्या माहितीपटात बासरी वाजते. मला रडू आलं होतं."

"सगळ्यांनाच येतं," राजाध्यक्ष सुखावून म्हणाले.

"मग तो बासरीवाला कुठे बसला होता?"

शालनने रंगमंचापुढे ऑर्गन-तबल्यावर बसलेल्या वादकांकडे बोट दाखवलं.

"आमच्याकडे वाजवणारे असे सगळ्यांसमोर बसतात. तुम्ही तुमचा लपवलात. आता खोटेपणा कुणाचा, ते सांगा. त्याचं संगीत काढू."

राजाध्यक्ष खाली बसले. नटाने पद पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. ते संपल्यावर राजाध्यक्ष घसा खाकरून हळूच म्हणाले,

"इथे बासरी हवी होती."