सगळीकडून टोचलेला कोश

एका प्रयोगशाळेत एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा उतावळा शिष्य फळमाशीच्या रक्षक पेशींचा अभ्यास करत होते. माशीच्या कोशाला बारीक सुईने टोचायचे आणि आतल्या पेशी जखमेकडे कशा धावतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, असे ते काम.

शिष्याचा थोरला भाऊ ट्रकच्या धडकेत गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. तेराव्यानंतर जो शहरात परतला, तो पुन्हा गावी फिरकला नाही. सकाळी पोलीस ठाणे, दुपारी वकील, सायंकाळी ट्रकमालकाच्या दारात शिवीगाळ. मधेच आईचा फोन वाजला की तो बंद करी.

त्या दिवशी रागाच्या भरात त्याने एकच कोश सगळीकडून टोचला. जखमा जास्त, तर पेशीही जास्त धावतील, असे त्याला वाटले. पण मधल्या पेशी चहूकडे बोटे फुटल्यासारख्या पसरल्या आणि जागच्या जागी थरथरत राहिल्या.

"मेल्यात सगळ्या!" तो ओरडला.

आचार्यांनी डोळा लावून पाहिले. "मेल्या कुठं? तुझ्यासारख्याच एकदम चारी दिशांना धावू पाहताहेत. अरे, हा कोश आहे की चाळण?"

त्यांनी नव्या कोशाला एकदाच टोचले, सुई स्वतःच्या खिशात टाकली आणि चक्क चहाला निघून गेले. शिष्य चरफडत बसला. टोचायला सुईच नव्हती. मग पाहू लागला.

आचार्य परतले. "काय केलं पेशीनं?"

"जखमेकडे गेली."

"त्याआधी?"

तो थबकला. "बाकीची बोटं आत ओढून घेतली."

"तिला ना डोळे, ना मेंदू. तरीही एक बाजू पुढची ठरवल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नाही, आणि ती ठरली की बाकीच्या बाजू आवराव्या लागतात. खटला चालेल, वकील आहे. उघडी जखम कुठं आहे, ते सांग."

शिष्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग म्हणाला, "आई जेवत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही तिनं दादाचं ताट मांडलं होतं. मला ते रिकामं ताट बघवत नाही, सर."

आचार्यांनी सोबत आणलेला चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

फोन वाजला. या वेळी शिष्याने तो उचलला.

"आई, संध्याकाळच्या गाडीनं येतोय. दादाच्या ताटात मला वाढ."