विश्रामचा चिनी पडदा

“पण बुवा, त्यावर शाप लिहिलेला असला तर?”

दत्तारामानं पुन्हा तेच विचारलं. बंदरावरच्या टेकडीवरच्या मठीचे म्हातारे गोसावी, नाथबुवा, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर तो पडदा उभा होता. गुडघाभर उंचीचा, लाकडी चौकटीत चिनीमातीच्या चार फळ्या बसवलेला, चांगला जुना. फळ्यांवर रंगीत माणसं. कुणाचं तोंड लाल, कुणाचं पांढरंफटक. एकाच्या पाठीला झेंडे, हातात भाला. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळीकुळकुळीत चिनी अक्षरं.

आता दत्ताराम हा बुवांचा पट्टशिष्य, पण स्वभाव असा संशयी की विचारू नका. मठीत कुणी नारळ आणला तरी हा आधी कानाशी हलवून बघणार. आणि हा पडदा तर त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं पाठवलेला! विश्रामनं. जन्मभर जहाजावर नोकरी केलेला विश्राम. बाप गेला तेव्हाही तो समुद्रावरच होता. मला निरोपच मिळाला नाही, असं त्यानं मागाहून कळवलं होतं. दत्तारामाला ते कधी पटलं नाही. बापाला अग्नी त्यानं एकट्यानं दिला, आणि तेव्हापासून भावाचं तोंड पाहिलं नाही.

सकाळी बंदराला लागलेल्या मचव्याचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, पडदा ठेवून, निरोप सांगून गेला होता. विश्राम खाली बंदरात मचव्यावर बसलाय. भरती आली की मचवा सुटेल. त्याचं वय झालंय, पुन्हा या बाजूला येणं व्हायचं नाही. धाकट्याला वाटलं, तर त्यानं खाली यावं.

“काय लिहिलंय म्हणाला तांडेल?” बुवांनी विचारलं.

“शुभेच्छा म्हणे! आयुष्य वाढो, घर भरो, असलं काहीतरी.” दत्ताराम फणकारला. “आणि हे तरी सांगितलं कुणी? चीनमधल्या कुठल्याशा दुकानातल्या म्हातारीनं. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून खरं म्हणून सांगितलं आणि हा भुलला! स्वतः विश्रामला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, बुवा.”

“तुला येतं?”

“मला कुठून येणार?”

“मग शाप कुठे दिसला?”

“पाठवणारा ओळखून आहे ना मी! आणि ही चित्रं बघा की. हा पांढऱ्या तोंडाचा कसा गालातल्या गालात हसतोय. आणि हा भालेवाला... माझ्याकडेच डोळे वटारून बघतोय.”

बुवा वाकून बघायला लागले.

“पाठीला झेंडे बांधून लढायला कोण जातं रे? नाटकातली सोंगं आहेत ही. चीनचा दशावतार समज.”

“सोंगंच ना! तोही सोंगाड्याच आहे.”

“असेल... लहानपणी दशावतारात संकासूर राक्षस नाचत आला की तू कुणाच्या पाठीमागे लपायचास?”

भावाचं नाव दत्तारामाच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

“त्याचा इथे काय संबंध?” तो म्हणाला. “आणि समजा, शुभेच्छाच आहेत. इतक्या वर्षांनी कशाला? काहीतरी हवं असणार त्याला. नक्की काहीतरी काळंबेरं आहे.”

खाली खाडीचं पाणी चढायला लागलं होतं. खलाशांच्या हाका वरपर्यंत ऐकू येत होत्या.

बुवा उठले, आत गेले. पाट्यावरचा वरवंटा आणून त्यांनी दत्तारामाच्या हातात दिला.

“फोड.”

“काय?”

“शाप आहे ना? मग दारात कशाला ठेवतोस? फोड.”

दत्तारामानं दोन्ही हातांनी वरवंटा डोक्यावर नेला. पांढऱ्या तोंडाचा गालातल्या गालात हसतच होता...

हात खाली येईनात.

बुवा बघत उभे राहिले.

“का रे? थांबलास का?”

“बुवा...” तो वरवंटा तसाच धरून म्हणाला. “दादानं खरंच आशीर्वाद पाठवले असले तर?”

कितीतरी वर्षांत त्याच्या तोंडून दादा हा शब्द निघाला नव्हता. स्वतःच्याच कानांनी तो ऐकून त्याला रडू यायला लागलं.

बुवांनी वरवंटा हळूच काढून घेतला. खालून तांडेलाची आरोळी आली. मचव्याचा नांगर उचलत होते.

“पळ,” बुवा म्हणाले. “त्या बिचाऱ्याला वाचता येत नाही. जाऊन सांग त्याला, काय लिहिलंय ते.”